जॉबरचा शब्द आणि ऑफर लेटर

लालबाग-परळच्या चाळीत एखादी मुलगी मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची परीक्षा देत असते, तेव्हा सगळे घर आवाज न करता बसलेले असते. तिच्या आजोबांना गिरणीत काम कसे मिळाले असेल?

1856 मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली. त्या काळचे नवे तंत्रज्ञान ते हेच. पुढे गिरण्या वाढल्या, पण माणूस निवडायचा तो जॉबर. गावची ओळख, नातलगाचा शब्द आणि अनेकदा दस्तुरी, म्हणजे चक्क लाच, यावर काम मिळे. बायकांच्या खात्यात हा अधिकार नायकिणीकडे असे. भरतीतून जॉबरला दूर करा, असे 1931 मध्ये व्हिटले आयोगाने सुचवले. 1935 मध्ये मुंबईत बदली कार्डे आली. कार्डवाल्याने रोज सकाळी गेटवर हजर राहायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत.

आता निवड टप्प्याटप्प्याने होते. 1968 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 2018 पासून नवोदितांसाठी देशभर एकच पात्रता चाचणी आणली. गणित, तर्क, इंग्रजी आणि प्रोग्रॅमिंग हे तिचे विषय. त्यानंतर मुलाखती. तांत्रिक मुलाखतीत पाठ केलेल्या उत्तरापेक्षा तुम्ही विचार कसा करता ते पाहतात. म्हणून कॉलेजातला आपला प्रकल्प स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. एचआरच्या मुलाखतीत परगावी जाण्याची, रात्रपाळीची तयारी विचारतात. कंपनीत ओळख असली तर अर्ज नजरेस पडतो, पण परीक्षा सहसा चुकत नाही.

ऑफर लेटर आले की आपण पेढे वाटतो. पण कागदपत्रांची पडताळणी आणि रुजू होण्याची तारीख बाकी असते. 2022-23 मध्ये कित्येक नवोदित ही तारीख येण्याची महिनोन्‌महिने वाट पाहत होते. आजोबांना ती अवस्था अनोळखी वाटली नसती. म्हणून रुजू होईपर्यंत दुसरे अर्ज थांबवू नयेत.

आणि पैशांचे काय? नोकरीसाठी कोणी अनामत किंवा प्रशिक्षणाची फी आधी भरायला सांगितली, तर तिथेच थांबा. पत्र कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून पडताळून घ्या. नामांकित कंपन्या नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. दस्तुरी देऊन आजोबांना निदान गिरणीच्या आत तरी जाता येत होते. या भामट्यांकडे तर गिरणीच नसते.