टोस्ट बुडवा, पण मोजून!

बालमित्रांनो, कॉफीत टोस्ट बुडवताना तुम्ही कितीपर्यंत मोजता? एक, दोन, तीन... आणि पटकन तोंडात! जरा उशीर झाला की तुकडा कपाच्या तळाशी जाऊन बसतो आणि आपण नुसते बघत राहतो. हे मोजणं मला ज्यानं शिकवलं, तो माझ्याच वर्गातला, चौथीतला विद्यार्थी. ही गोष्ट त्याचीच.

आमच्या धाराशिवला, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादला, डिसेंबरात बालाघाटाच्या डोंगरावरून असं गार वारं सुटतं की बोटं आखडतात. अशाच एका पहाटे आम्ही तिघी शिक्षिका प्रशिक्षणासाठी तुळजापूरला निघालो होतो. एस.टी.ला वेळ होता. रस्त्याकडेला एका हातगाड्याभोवती गर्दी दिसली. शाल गुंडाळलेले भाविक, कंडक्टर, भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या मावश्या, कॉलेजची मुलं! गाड्यावर टोस्टच्या उंच बरण्या आणि शेगडीवर दुधाचं पातेलं. गाडीवाले काका कॉफी उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात ओतत होते आणि वर पांढरा फेस येत होता.

"बाई, टोस्ट किती देऊ?"

आवाज ओळखीचा वाटला. बघते तर आमचा 'उशिराचा पाहुणा'! रोज दुसऱ्या घंटेनंतर येणारा, गणिताच्या तासाला जांभया देणारा. मी त्याला कितीदा तरी वर्गाच्या दारात उभं केलं होतं. आणि हा इथं पहाटेपासून कपबशा विसळत होता! दोघंही क्षणभर गप्प झालो. मग तोच म्हणाला, "बाई, टोस्ट तीन मोजेपर्यंतच बुडवा. जास्त ठेवला की पडतो."

का बरं पडतो? पावाच्या पिठात यीस्ट घालतात. त्यातून वायू सुटतो आणि पावाला बारीक बारीक भोकं पडतात. त्याच पावाचे काप पुन्हा भट्टीत भाजले की आतलं पाणी उडून जातं आणि कुरकुरीत टोस्ट तयार होतो. पाणी नसल्यानं तो बरेच दिवस टिकतो. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच 'दोनदा भाजलेलं'! असा कोरडा टोस्ट कॉफीत बुडवला की दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी कॉफी त्या भोकांतून वर चढते. भिंती भिजून मऊ होतात आणि टोस्ट ढासळतो.

आणि कॉफी? ती मूळची आफ्रिकेतल्या इथिओपियाची. तिथून ती येमेनला गेली. बाबा बुदन नावाच्या एका फकिरानं सतराव्या शतकात तिथून सात बिया आणून कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे.

आता खरी गंमत ऐका. आम्ही तीन कॉफी आणि सात टोस्ट घेतले. कॉफी पंधरा रुपयांना, टोस्ट सहाला. मी शंभराची नोट दिली. तो बोलत गेला, "पंधरा, तीस, पंचेचाळीस. टोस्टचे बेचाळीस. झाले सत्त्याऐंशी. हे तीन, नव्वद. हे दहा, शंभर!" तेरा रुपये माझ्या हातात. आदल्याच आठवड्यात हाच मुलगा फळ्यावर १०० वजा ८७ करताना अडला होता. "शून्यातून सात जात नाहीत, बाई," म्हणून खडू हातात धरून उभा होता.

नंतर मला एक अभ्यास वाचायला मिळाला. ब्राझील देशातल्या रेसिफे शहरात तीन संशोधकांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा हिशेब तपासला. १९८५ साली तो छापून आला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेले हिशेब मुलांनी शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर सोडवले. तीच गणितं नुसत्या आकड्यांत दिली, तर शंभरात जेमतेम सदतीस! म्हणजे मुलं कच्ची नव्हती. गाड्यावरचं गणित आणि वहीतलं गणित यांची ओळखच कोणी करून दिली नव्हती.

मी ती करून द्यायची ठरवलं. वर्गात दुकान मांडलं, खोट्या नोटा केल्या. ८७ पासून १०० पर्यंत चढत जायचं आणि मग तेच फळ्यावर मांडायचं. तो ओरडलाच, "बाई, हे तर सुट्टे देण्यासारखंच आहे!" पुढं दुधाचा महिन्याचा हिशेब आला. रोज बारा लिटर, तीस दिवस, लिटरला पंचावन्न रुपये. हे मात्र तोंडी जमेना. वहीच हवी! उत्तर आलं १९,८०० रुपये. त्याच्या वडिलांनी तो हिशेब दोनदा वाचला.

त्यांच्याशी मी बोललेही. "सकाळच्याला लई गर्दी असती बाई, दोन हात कमी पडत्यात," ते म्हणाले. खोटं नव्हतंच ते. पण कायदाही स्पष्ट आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुणीही कामावर ठेवायचं नाही. घरच्या धंद्यात मदत करायची तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच, आणि धोक्याचं काम नको. बराच विचार करून ते म्हणाले, "बरं. शाळेच्या दिवशी मी न् त्याची आई उरकतो."

पौर्णिमेला तुळजापूरच्या गर्दीत अजूनही त्याला कधीतरी उशीर होतो. पण आता मी त्याला दारात उभं करत नाही. आधी विचारते, "झोप झाली का रे?"

मित्रांनो, रविवारी आईबाबांबरोबर अशा एखाद्या गाड्यावर नक्की जा. टोस्ट किती सेकंदांत पडतो ते मोजा. बिल मनात करा आणि मग वहीत करून ताळा पाहा. तिथं तुमच्या वयाचं कुणी दिसलं, तर "ए बारक्या" म्हणू नका. त्याला त्याचं नाव विचारा. कोणत्या शाळेत जातोस, तेही विचारा. 'शाळेतच जात नाही' असं उत्तर आलं, तर आईबाबांना सांगा. त्यांनी १०९८ वर फोन करायचा.

आणि हो, तीनपर्यंतच मोजा हं!