चुकून उडालेल्या फाइली : ५
कुलूप फाइलला की फोल्डरला?

गेल्या वेळी कबूल केलेली कचरापेटी आज राहू द्या. बडोद्यातल्या हरणीहून एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि त्याला अख्खा हप्ता द्यायलाच हवा. त्यांनी वर्षाच्या हिशेबाची फाइल ‘सीएचमॉड ४४४’ करून ठेवली होती, म्हणजे स्वतःलासुद्धा लिहायची मुभा नाही. तरी फोल्डर साफ करताना ‘आरएम डॅश एफ’ दिला आणि ती मुकाट्याने गेली. मग त्या परवानगीचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण मजकुरापुरता. ४४४ असताना आतला आकडा बदलता येत नाही. फाइल उडवणं ही मात्र फोल्डरवरची क्रिया आहे. युनिक्समध्ये फोल्डर म्हणजे नुसती यादी: अमुक नाव, तमुक आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलीचा ओळख क्रमांक. आरएम त्या यादीतली एक नोंद खोडतो, आणि यादीत फेरफार करायचा हक्क तुम्हाला आहे की नाही, एवढंच कर्नल बघतं. साधा आरएम अशा फाइलीला हात लावण्याआधी विचारतो खरा, पण ते त्याचं सौजन्य. डॅश एफ दिलात की तेही गेलं.

बडोद्याच्या माणसाला हे चटकन पटावं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभारायला घेतली. ग्रंथालयात एकाच पुस्तकाचं एक कार्ड लेखकाच्या नावाने असतं, दुसरं विषयाच्या. एक फाटलं तरी दुसऱ्यावरून पुस्तक मिळतं. तसंच ‘एलएन’ने, डॅश एस न लावता, फाइलला दुसऱ्या फोल्डरात आणखी एक नाव देता येतं. शेवटचं नाव खोडलं जाईपर्यंत मजकूर डिस्कवर टिकतो. त्यानंतरही एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडी धरली असेल, तर ती बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. मला युनिक्समधली ही सर्वांत देखणी रचना वाटते. दोन अटी मात्र लक्षात ठेवा. दोन्ही नावं एकाच फाइल सिस्टममध्ये हवीत. आणि मजकूर एकच असल्यामुळे एका नावाने तो पुसलात, तर दुसऱ्या नावानेही पुसलेलाच दिसेल. हा बॅकअप नव्हे.

तेव्हा हरणीकरांनी कुलूप फोल्डरला लावावं: ‘सीएचमॉड ए वजा डब्ल्यू’ आणि पुढे फोल्डरचं नाव. आता आतल्या फाइलीवर डॅश एफ चालवलात तरी नकार मिळेल. पोटफोल्डरांना ही आज्ञा वेगळी द्यावी लागते, कारण त्यांची यादी वेगळी. मजकूरही जपायचा तर ४४४ राहू द्या, दोन्ही लागतात.

रूटला यातलं काहीच अडवत नाही. ‘सूडो’ची सवय जडलेल्यांनी लिनक्सवर ‘सीएचअ‍ॅटर अधिक आय’ वापरावं. ईएक्सटी४वर ते लावलं की खुद्द रूटलाही आधी ‘वजा आय’ करावं लागतं, मगच फाइल उडते.