औषधांना न जुमानणारे जंतू

डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव आपल्या सभोवती सर्वत्र वावरत असतात. मातीत, पाण्यात, आपल्या त्वचेवर, इतकेच नव्हे तर आपल्या पोटातही त्यांची वस्ती असते. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. दुधाचे दही करणारे जंतू तर आपले मित्रच होत. परंतु काही थोडे जंतू मात्र माणसाचे वैरी आहेत. क्षय, विषमज्वर, पटकी यांसारखे रोग अशा जंतूंमुळे होतात. या वैऱ्यांवर मनुष्याने विजय कसा मिळवला आणि तो विजय आज धोक्यात का आला आहे, हे या पाठात पाहू.

१९२८ साली लंडन येथील सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग हे शास्त्रज्ञ काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यांचा अभ्यास करीत होते. एका बशीत बुरशी उगवली. अशी बिघडलेली बशी दुसऱ्या कोणी फेकून दिली असती. फ्लेमिंग यांनी मात्र ती नीट न्याहाळून पाहिली, तेव्हा बुरशीच्या भोवतालचे जंतू नाहीसे झालेले त्यांना आढळले. बुरशीतून पाझरणाऱ्या त्या जंतुनाशक द्रव्याला त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले. पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांनी त्यापासून रोग्यांना देण्याजोगे औषध तयार केले. अशा जंतुनाशक औषधांना प्रतिजैविके असे म्हणतात. आपल्या देशातही पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. ज्या रोगांपुढे पूर्वी वैद्य हात टेकत, ते रोग आता थोड्या दिवसांत बरे होऊ लागले.

या कार्याबद्दल १९४५ साली तिघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगी केलेल्या भाषणात फ्लेमिंग यांनी आपल्या औषधाची केवळ थोरवी गाइली नाही. एक इशाराही दिला. औषध अपुऱ्या प्रमाणात घेतले, तर जंतू मरणार नाहीत. उलट ते त्या औषधाला सरावतील, असे त्यांनी बजावले. तो इशारा पुढे खरा ठरला.

असे का होते? अनुकूल स्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांना एकाचे दोन होतात. या हिशेबाने एका जंतूपासून दहा तासांत शंभर कोटींहून अधिक जंतू निर्माण होऊ शकतात. इतकी मोठी प्रजा निर्माण होताना एखाद्या जंतूत थोडासा बदल आपोआप घडून येतो. कोणी औषधाचे तुकडे करणारे द्रव्य तयार करतो. कोणी आत शिरलेले औषध बाहेर लोटून देतो. असा जंतू कोट्यवधींत एखादाच असतो. पण औषधाने इतर सारे मेले आणि तो उरला, तर मोकळे रान त्यालाच मिळते. शेतकरी ज्वारीची उत्तम कणसे बियाण्यासाठी राखून ठेवतो व पुढच्या वर्षी तीच पेरतो. अर्धवट घेतलेले औषधही असेच करते. ते दुबळे जंतू मारते आणि चिवट जंतूंचे बियाणे राखून ठेवते! शिवाय, कित्येक जंतू हा गुण आपल्या शेजारच्या जंतूंनाही देऊ शकतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती ही की औषधाला सरावतात ते जंतू. रोग्याचे शरीर नव्हे. म्हणूनच एका माणसाच्या शरीरात तयार झालेले चिवट जंतू, ज्याने ते औषध कधी घेतलेही नाही, अशा दुसऱ्याच्या शरीरातही शिरू शकतात.

गरज नसता औषध दिल्यानेही हेच घडते. साधी सर्दी किंवा फ्लू हे विकार जंतूंमुळे होत नाहीत. ते विषाणूंमुळे होतात, आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काही परिणाम होत नाही. २००६ च्या फेब्रुवारी महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आली. भारतात या रोगाची नोंद तेव्हा प्रथमच झाली. तो रोग विषाणूंचा असल्यामुळे साथ थोपवण्यासाठी लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. कोणतेही प्रतिजैविक तेथे उपयोगी पडणारे नव्हते. तरीही सर्दी झाली की लोक औषधाच्या दुकानातून प्रतिजैविक आणून घेतात. सर्दी त्याने जात नाही. मात्र शरीरातील जंतूंपैकी चिवट तेवढे उरतात. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यातून अशी औषधे देण्याचीही प्रथा पडली होती. कोलिस्टिन हे औषध, इतर औषधे निष्फळ ठरल्यावर डॉक्टर अखेरचा उपाय म्हणून वापरतात. तेच कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जाई. २०१९ साली भारत सरकारने पशुपालनात व कुक्कुटपालनात त्याच्या वापरावर बंदी घातली.

या लढ्यातील सर्वांत कठीण आघाडी क्षयरोगाची आहे. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला. परंतु त्यावर गुणकारी औषध मिळण्यास १९४३ साल उजाडले. मातीतील एका सूक्ष्म जीवापासून मिळालेले ते औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन होय. ब्रिटनमध्ये ते रोग्यांना देऊन पाहिले, तेव्हा प्रथम त्यांची प्रकृती झपाट्याने सुधारली. पण काही महिन्यांतच अनेकांच्या शरीरातील जंतू औषधाला दाद देईनासे झाले. मग शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. एकाच वेळी दोन किंवा अधिक औषधे द्यावयाची, म्हणजे एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. आजही क्षयाचा उपचार याच तत्त्वावर चालतो आणि तो सामान्यतः सहा महिने घ्यावा लागतो.

परंतु औषधे चुकीची दिली किंवा मध्येच सोडली, तर ही युक्तीही फसते. मुंबईतील धारावी भागात झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एकाच रोगासाठी १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या प्रकारे औषधे लिहून दिल्याचे आढळले. पुढे लवकरच, मुंबईच्याच हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रोग्यांची हकीकत जगापुढे मांडली. त्यांच्या शरीरातील क्षयजंतू त्या वेळी तपासून पाहिलेल्या एकाही औषधाला जुमानत नव्हते. ही वार्ता ऐकून देशोदेशीचे डॉक्टर चिंतेत पडले.

शास्त्रज्ञ मात्र स्वस्थ बसले नाहीत. कोणत्या रोग्याला कोणते औषध लागू पडेल, हे प्रयोगशाळेत तपासता येते. इतर अनेक जंतूंसाठी एक सोपी रीत आहे. बशीत जंतू पसरून त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात. जे औषध गुणकारी असेल, त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत आणि तेथे स्वच्छ वर्तुळ दिसते. ज्याच्याभोवती वर्तुळ नाही, ते औषध निरुपयोगी समजावे. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात, त्यामुळे त्यांच्या तपासणीला पूर्वी कित्येक आठवडे लागत. आता नव्या यंत्रांमुळे रोग्याच्या थुंकीवरून सुमारे दोन तासांत क्षयाचे निदान होते. शिवाय ते जंतू रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद देतील की नाही, हेही समजते. बेडाक्विलिन या नव्या औषधाला २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०१६ साली ते भारतातील रोग्यांनाही मिळू लागले. पण नवे औषध शोधण्यास अनेक वर्षे आणि अपार पैसा लागतो. ते निष्फळ करण्यास मात्र आपली थोडीशी हयगय पुरते.

नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी या सातपुड्याच्या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दर वर्षी ऊसतोडीसाठी गुजरातेत व इतर जिल्ह्यांत जातात. अशा कुटुंबातील एखाद्या माणसास क्षय झाला, तर काही आठवडे औषध घेताच त्याचा ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागू लागते. रोग गेला, असे वाटून तो औषध तेथेच सोडून कामावर निघतो. पण शरीरात चिवट जंतू अजून दडलेले असतात. वास्तविक त्याने जाण्यापूर्वी आपल्या आरोग्य केंद्रात सांगितले, तर जेथे तो जाणार, तेथील केंद्रातून पुढचे औषध मिळण्याची व्यवस्था करता येते. सरकारी केंद्रांत क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात.

तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक घेऊ नये. या औषधांच्या वेष्टणावर तांबडी उभी रेघ असते, ती ओळखण्यास शिकावे. सांगितलेले औषध सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावे. स्वतःचे औषध दुसऱ्याला देऊ नये. हात स्वच्छ धुणे, पाणी शुद्ध ठेवणे आणि लस टोचून घेणे यांमुळे रोगच टळतो, मग औषधाची वेळच येत नाही. आपल्या घरात औषध घेणारे आजोबा किंवा काकू असतील, तर आजची गोळी घेतली का, एवढे त्यांना रोज विचारणे तुम्हालाही सहज जमेल. विहीर एकाने घाण केली, तरी त्रास साऱ्या गावाला होतो. प्रतिजैविकांचेही तसेच आहे. ती साऱ्या समाजाची ठेव आहे आणि ती पुढच्या पिढीच्या हाती गुणकारी राहील, असे वागणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.