व्हिडिओतला रंग खरा हवा : मॉनिटर घेताना काय बघायचं?

ताईंनो, गटाच्या हळदीचे, मसाल्याचे, साड्यांचे व्हिडिओ आता आपणच बनवतो. पण मॉनिटर फिका असेल तर एडिटिंग करणारी रंग वाढवत जाते. मग मोबाईलवर हळद केशरी दिसते आणि घरी पिवळी पोचते. माल परत आला तर खर्च गटाच्या डोक्यावर, विश्वास जातो तो वेगळाच.

म्हणून संघासाठी मॉनिटर घेताना एवढं बघा :

१. पॅनेल आयपीएस हवं. टीएन स्वस्त असतं, पण जरा बाजूनं पाहिलं की रंग बदलतो. दोघी-तिघी शेजारी बसल्या तर प्रत्येकीला वेगळंच दिसतं.

२. माहितीपत्रकात ‘एसआरजीबी ९९ टक्के’ किंवा जास्त लिहिलेलं असावं. ‘४५ टक्के एनटीएससी’ असेल तर नको; त्यात गडद रंग फिकेच दिसतात.

३. २४ इंच, फुल एचडी पुरे. १४४ हर्ट्झ गेम खेळणाऱ्यांसाठी. त्यावर जादा पैसे घालू नका.

४. तीन दुकानांचं कोटेशन घ्या. बिल संघाच्या नावे, वॉरंटी तीन वर्षांची बघा.

परभणीला दुकानात जाताना हळदीचं पाकीट आणि त्याचा फोटो सोबत न्या. फोटो मॉनिटरवर लावून समोरून, बाजूनं ताडून बघा.

मॉनिटर आणल्यावर खिडकीचं ऊन पडणार नाही अशा जागी ठेवा. डोळ्यांसाठीचा पिवळसर मोड एडिटिंग करताना बंद ठेवा. आणि व्हिडिओ पाठवण्याआधी खरा माल शेजारी ठेवून एकदा बघाच.