जुना पखवाज: दुरुस्त करावा की विकावा?

पखवाजाचे वय खोडावरून, म्हणजे त्याच्या पोकळ लाकडी अंगावरून ठरते; पुडीवरून, म्हणजे तोंडावर ताणलेल्या कातड्यावरून नाही. रोज वाजणाऱ्या पखवाजाची शाईची पुडी काही वर्षांत बदलावीच लागते, पुड्या ताणून धरणारी चामड्याची वादी झिजून तुटते आणि नवी ओवली जाते. खोड मात्र नीट राखले तर दोन-तीन पिढ्यांना पुरते. हिंगोली जिल्ह्यात संत नामदेवांच्या नर्सीपासून औंढा नागनाथापर्यंत भजन-कीर्तनाची परंपरा जुनी आहे. अशा गावांत देवळाच्या खुंटीला किंवा घरातल्या माळ्यावर आजोबांच्या काळातला पखवाज सापडला की घरात दोन मते पडतात: दुरुस्तीला पैसे घालायचे, की येईल त्या किमतीला देऊन टाकायचा? फाटलेली पुडी पाहूनच बहुतेकदा निकाल लावला जातो, आणि निर्णय चुकतो तो इथेच.

पुडी बदलता येते, पण ती स्वस्तात उरकण्याची वस्तू नव्हे, कारण पखवाजाचा सूर तिच्यात असतो. गोल ताणलेल्या साध्या कातड्यावर थाप मारली तर एकाच वेळी अनेक कंपने उठतात. सर्वांत खालच्या कंपनाची वारंवारता 1 धरली, तर पुढची 1.59, 2.14, 2.30 अशी येतात. ही पूर्ण पटीत नसल्याने कानाला ठाम सूर लागत नाही, केवळ आवाज ऐकू येतो. मध्यभागी शाई बसवली की कातड्याचा तो भाग जड होतो आणि ही कंपने सरकून 1, 2, 3, 4, 5 अशा पटींच्या अगदी जवळ येतात. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ही गोष्ट मांडली आणि 1934 मध्ये तिचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुडीची नऊ वेगवेगळी कंपने पाच सुरांत एकवटतात, हे त्यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून, ती कोणत्या रेषांवर गोळा होते ते पाहून दाखवले. यातला 1920 चा लेख रामन यांना नोबेल मिळवून देणाऱ्या प्रकाशाच्या संशोधनाआधीचा आहे, आणि या अभ्यासाची सामग्री कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वीच तयार करून ठेवली होती.

शाई म्हणजे शिजवलेल्या भाताची किंवा मैद्याची खळ आणि लोखंडाचा अंश असलेली काळी पूड यांचे मिश्रण. ती एकदम थापली जात नाही. बोटाने पातळ थर द्यायचा, थोडा सुकू द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग आधीच्यापेक्षा लहान वर्तुळात पुढचा थर. घोटताना शाईला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. नवख्याला तो दोष वाटतो, पण त्या भेगा नसत्या तर शाईचा कडक गोळा कातड्याबरोबर लवचिकपणे हललाच नसता. म्हणून भेगा पाहून पुडी टाकू नये. शाईचे टवके उडाले असतील, कडेने ती सुटली असेल किंवा थापेला खरखर येत असेल, तरच ती गेली असे समजावे.

सूर उतरला एवढ्यावरूनही पुडी खराब ठरत नाही. कातडे हवेतला ओलावा शोषते. पावसाळ्यात ते सैलावते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आवळते. पुडीचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. लगतच्या स्वरावर चढायला वारंवारता सुमारे 6 टक्के वाढावी लागते आणि त्यासाठी ताण सुमारे 12 टक्के वाढवावा लागतो. एक सप्तक चढवायचे तर चौपट. हातोडीने वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून सूर चढवताना हा सगळा ताण वादीमार्फत खोडावर येतो. त्यामुळे चिरलेल्या खोडावर नवी पुडी चढवून ती ताणणे म्हणजे चीर वाढवणे होय.

खोडाची तपासणी दोन्ही पुड्या उतरवूनच करावी. रात्री अंधाऱ्या खोलीत आत छोटा दिवा धरला की आरपार गेलेली चीर उजेडाच्या रेघेसारखी दिसते. वरवरची चीर तशी दिसत नाही. आतल्या बाजूला हत्याराचे ठसे असतील तर खोड हाताने कोरलेले आहे, आणि ते ठसे घासून गुळगुळीत करू नयेत. लाकूड कोणते, हेही इथेच कळते. शिसव, खैर, बिजा यांचे गाभ्याचे लाकूड जड आणि किडीला दाद न देणारे असते. आंब्याचे हलके, आणि कीड त्यात लवकर शिरते.

किडीची परीक्षा सोपी आहे. लाकूड पोखरणारे भुंगेरे बाहेर पडताना टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे ठेवून जातात. छिद्रे आहेत म्हणजे कीड जिवंत आहेच असे नाही. खोड काळ्या कागदावर पंधरा दिवस ठेवावे. फिकट, ताजी भुकटी सांडली तर अळी अजून आत आहे. संग्रहालये अशी वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे 20 अंश सेल्सिअसला आठवडा-दोन आठवडे ठेवतात. रॉकेल किंवा जळके तेल चोपडण्यापेक्षा ही रीत केव्हाही बरी.

चीर बुजवतानाही लाकडाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. ओले लाकूड पूर्ण वाळताना तंतूंच्या लांबीत जेमतेम 0.1 ते 0.3 टक्के आकसते, आडव्या दिशेने मात्र त्याच्या कितीतरी पट. म्हणून चिरेत दगडासारखा कडक होणारा भराव घातला की एक-दोन ऋतूंत शेजारी दुसरी चीर पडते. त्याच जातीच्या लाकडाची पातळ पट्टी, तंतूंची दिशा जुळवून, सरसाने बसवावी. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे पुढच्या पिढीच्या कारागिराला ती दुरुस्ती उकलता येते. आज अनेक भजनी मंडळे नट-बोल्टचे पखवाज वापरतात. सूर लावायला ते सोयीचे, पण त्यासाठी जुन्या खोडाला छिद्रे पाडावी लागत असतील तर तो बदल करू नये. तैलरंगही लावू नये. रंगाखाली लाकूड कोणते आणि चीर कुठे, हे कोणालाच दिसत नाही.

खोड निरोगी असेल, लाकूड जड असेल आणि घरात किंवा गावात वाजवणारा असेल, तर दुरुस्ती करावी. नवा पखवाज घेताना मुख्य किंमत अशा खोडाचीच मोजावी लागते. कडेपर्यंत आरपार चीर किंवा जिवंत कीड असेल आणि वाजवणाराही नसेल, तर आहे त्या स्थितीत विकावा. विकण्याआधी केलेली घाईची रंगरंगोटी किंमत वाढवत नाही, जाणकार गिऱ्हाईक तिच्यामुळे दूर जाते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूचा विचार वेगळा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार अशी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. असा पखवाज घरात असेल तर त्याला हत्यार लावण्याआधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या, वाद्यांचा संग्रह असलेल्या संस्थेचा सल्ला घ्यावा. आणि साधा पखवाज विकायचाच ठरला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गावच्या भजनी मंडळाला विचारावे.