घरच्या घरी खोबरेल तेलाचा साबण

ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीसारख्या वस्तीत हौसेने साबण करावयाचा असल्यास खोबरेल तेल सोयीचे होय. त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो.

प्रमाण : तेल १ किलो, कॉस्टिक सोडा १७० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. सर्व जिन्नस तोलूनच घ्यावेत. सोडा अधिक पडल्यास तो साबणात मोकळा राहतो व कातडी भाजतो.

दक्षता : हातमोजे व चष्मा घालून, मुलांना दूर ठेवून, मोकळ्या हवेत काम करावे. स्टीलच्या पातेल्यातील गार पाण्यात सोडा थोडा थोडा सोडावा. सोड्यावर पाणी कदापि ओतू नये, ते उसळते. ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य समजावे. अंगावर थेंब उडाल्यास ती जागा वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावी.

कृती : द्रावण कोमट झाल्यावर कोमट तेलात धारेने ओतावे व मिश्रण पिठल्याइतके दाट होईपर्यंत ढवळावे. आवडीप्रमाणे वाळ्याची पूड किंवा हळद मिसळावी. हळद मात्र क्षारामुळे तांबूस होते. साच्यात घट्ट होताच त्याच दिवशी वड्या कापून त्यांवर नावाचा लाकडी ठसा उमटवावा. उशीर झाल्यास वड्या फुटतात. चार आठवडे हवेशीर सावलीत सुकवून मगच साबण वापरण्यास घ्यावा.