घरातील भाषा आणि आमची चूक

दिमोना, अश्दोद, लोद येथील आपल्या काही घरांत आज सून रशियन बोलणारी असते. मुले हिब्रूत वाढतात आणि मराठी आजीपुरती उरते. "आजी, मला मायिम दे," असे नातू म्हणाला की मुलाचा गोंधळ होतो आहे, या विचाराने आईबाप धास्तावतात.

ही धास्ती आम्ही शिक्षकांनीच वाढविली. तीस वर्षांपूर्वी "घरी फक्त हिब्रू बोला," असे आम्ही पालकांना बजावीत असू. त्या वेळची काही मुले आता आजारी आजीच्या उशाशी मुकी बसलेली आम्ही पाहतो, तेव्हा मान खाली जाते.

आमची समजूत चुकीची होती. शब्दांची सरमिसळ हा भाषा शिकण्याचाच एक भाग आहे. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. मात्र जी भाषा रोज कानी पडते, तीच जिभेवर रुळते. हिब्रू व मराठी शेजारी नांदू शकतात, हे १८४६ साली मुंबईत छापलेल्या मराठी भाषांतरासहच्या हग्गादाने दाखविलेच आहे.

तेव्हा सूनबाईंनी आपली भाषा बोलावी, आजीने आपली. मलिदा कालविताना नातवाला जवळ बसवावे व मराठीतच बोलावे. त्याने उत्तर हिब्रूत दिले, तरीही.